अब्बांची खोटी चीर

बंदुका दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "तुम्ही स्वतः कधी कुणावर गोळी झाडलीत का हो?" आणि दुसरा, "आमच्या कुकरची शिटी जरा बघाल का?" पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचंही खरं तर नाहीच, पण कसबा पेठेत राहून शेजाऱ्याला नाही म्हटलं की पुढे जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. त्यामुळे शिट्या पुष्कळ बघितल्या.

आमचं दुकान तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर. आजोबांनी काढलं, अब्बांनी नावारूपाला आणलं आणि मी चालवलं. पाटीवर नुसतं ‘शस्त्र दुरुस्ती’ आणि परवान्याचा क्रमांक. त्याखाली अब्बांनी रंगाऱ्याकडून मुद्दाम लिहून घेतलेली ओळ होती: ‘आधी परवाना, मग बंदूक, मग गप्पा.’ बरेच जण उलट्या क्रमानं यायचे आणि अब्बा त्यांना पाटी वाचून परत आत यायला लावायचे. आत येऊन परवाना दाखवला की मग चहा विचारायचे. तोही मागवायचेच असं नाही.

धंद्यावरच्या अशा लेखात मी बंदुकांबद्दल लिहावं अशी अपेक्षा असणार. लिहितो. पण खरं सांगू का, मला पुंडलिकबद्दल लिहायचंय. या धंद्यात मी पोलाद घासलं, स्प्रिंगा वळवल्या, गंज काढला, हे सगळं केलंच. पण मन लावून, सातत्यानं, एकही सुट्टी न घेता मी जे केलं, ते म्हणजे त्या माणसावर जळणं.

पुंडलिक यवतमाळकडचा. पुण्यात आला तो शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात. ते दुकान बंद पडलं, आणि कुणीतरी त्याला आमच्याकडे पाठवलं. अब्बांनी त्याला एक गंजलेलं कुलूप उघडायला दिलं. ही आमच्याकडची परीक्षा. बहुतेक जण हातोडी मागतात. यानं कुलूप कानाशी नेलं, हलवलं आणि म्हणाला, "थोडं रॉकेल द्या ना जी." अब्बांचा चेहरा असा खुलला, की मला आठवतंय, मी तेव्हाच हातातली कानस जरा जोरात ठेवली.

आमचं काम काय असतं ते सांगतो, कारण लोकांच्या डोक्यात भलतंच असतं. येणारी बंदूक बहुतेक वेळा मोडलेली नसते, मळलेली असते. बँकेचे सुरक्षारक्षक बंदुकीला खोबरेल तेल लावतात. डोक्याला लावून उरलेलं असतं, वाया कशाला घालवायचं! थंडीत ते आत गोठतं आणि पिन पुढे जायच्या ऐवजी रेंगाळते. निवडणूक आली की सगळ्यांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. तिथून परत आल्या की आमची सुगी. नळीत कोळ्यांची जाळी, लाकडाला वाळवी, आणि मालक दारातूनच म्हणणार, "काही नाही हो, नुसती पुसून द्या."

आणि एक नियम. मालक म्हणाला ‘रिकामी आहे’, तर ती भरलेली आहे असं समजून उघडायची. अब्बा मालकाच्या देखत उघडत, आत बघत, बोट घालून बघत, आणि मग मालकाकडे असे बघत की तो पुढच्या वेळी स्वतःच उघडून आणायचा.

आता पुंडलिक. एकदा एक आयटीतला मुलगा आला. नेमबाजीचं महागडं हवेचं पिस्तूल त्यानं फोनवर व्हिडिओ बघत बघत खोललं होतं. "अंकल, सगळं असेंबल केलं, बट एक स्प्रिंग मिसिंग आहे." मी त्याला समजावून सांगत होतो की अशी स्प्रिंग इथं मिळत नाही, बनवावी लागेल, वेळ लागेल. पुंडलिक मागून म्हणाला, "खोलताना तोंड कोणीकडं होतं जी तुमचं?" मुलगा म्हणाला, खिडकीकडे. "मंग पडद्याच्या घडीत पाहा." संध्याकाळी त्या मुलाचा फोन. स्प्रिंग पडद्याच्या घडीतच होती. आणि फोन माझ्या नावानं असलेल्या दुकानात, माझ्या नंबरवर, माझ्या हातात, पण तो विचारतो काय, "ते दुसरे अंकल आहेत का? त्यांना थँक्यू सांगायचं होतं."

सांगितलं हो. थँक्यू पोचवलं.

हळूहळू गिऱ्हाइकं दारातूनच विचारायला लागली, "पुंडलिक आहे का?" नसला तर म्हणायची, "मग उद्या येतो." मी समोर बसलोय, तिसऱ्या पिढीचा कारागीर, गळ्यात भिंग, हातात कानस, आणि हे उद्या येणार! माझी बायको शमीम म्हणायची, "अहो, त्याच्या डब्यातली चटणीसुद्धा खुपते तुम्हाला." खुपायचीच. जवसाची चटणी असायची ती. अब्बांना ती इतकी आवडायची की पुंडलिकची बायको त्यांच्यासाठी वेगळी डबी द्यायला लागली. आमच्या घरात शमीम इतकं सुरेख रांधते, पण अब्बा जेवायला बसले की आधी विचारणार, "पुंडलिकनं काही पाठवलंय का?"

पुढे अब्बांची नजर गेली, गुडघे गेले, आणि त्यांनी दुकानात येणं सोडलं. घर दोन गल्ल्या सोडून, पण तेवढंही जमेना. तेव्हापासून पुंडलिक दुपारचा डबा घेऊन आमच्या घरी जायचा आणि अब्बांच्या खाटेशी बसून जेवायचा. मी दुकान सांभाळायचो. म्हणजे बघा, माझ्या बापाबरोबर तो जेवणार, आणि माझा डबा मी एकटा दुकानात खाणार. कुणी ठरवलं हे? कुणीच नाही. दुकान उघडं ठेवायला परवानाधारक हवा, तो मी. त्यामुळे मी अडकलेला आणि तो मोकळा. तो परत आला की मी विचारायचो, "काय म्हणाले?" तो म्हणायचा, "काही नाही जी, गोष्टी सांगत होते." कसल्या गोष्टी, ते मी विचारलं नाही. माझ्या बापाच्या गोष्टी मी त्याला विचारायच्या, इतकी काही वेळ आली नव्हती.

आणि अब्बा त्याच्या कामाला काय म्हणत? "छान झालं, बेटा." दरवेळी. त्यानं काहीही करून नेऊन हातात दिलं, की अब्बा ते कुरवाळत आणि म्हणत, "छान झालं, बेटा." मी उभा जन्म त्या दुकानात घासला, मला हे वाक्य कधी मिळालं नाही. माझं काम हातात घेतलं की अब्बा गप्प बसायचे. उलटसुलट करून परत द्यायचे, आणि म्हणायचे, "ठेव तिकडे."

आता मूळ गोष्टीवर येतो.

भात कापणीला आला होता ते दिवस. खडकवासल्याच्या पलीकडच्या एका गावातून सुभेदार आले. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, अंगानं अजून ताठ, मिशा पांढऱ्या. त्यांच्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची जुनी बोल्टची रायफल. खाली ठेवताना त्यांनी ती अशी ठेवली, जसं कुणी झोपलेलं मूल ठेवतं.

"चाँदभाई हायत का?" त्यांनी विचारलं. चाँदभाई म्हणजे अब्बा.

"घरी असतात. नजर गेलीय. मी त्यांचा मुलगा."

"बरं. आवो, वडलांची हाय ही. त्यांनी हितंच दुरुस्त करून घेतली हुती, चाँदभाईंच्या हातनं. आता आकडा मोडलाय. डुकरं रानात शिरलीत, हवेत बार काढला तरी पळत्यात. पर एक बार काढला की दुसऱ्याला न्हाई. रिकामं काडतूस आतच अडकून बसतंय."

इथं थोडं समजावून सांगायला हवं. रायफलीचा बोल्ट म्हणजे दाराची कडीच. पुढे सरकवायची, खाली वळवायची, दार बंद. गोळी सुटली की कडी उघडून मागे ओढायची. तेव्हा बोल्टच्या तोंडाशी बसवलेला छोटासा आकडा रिकाम्या काडतुसाच्या कडेला धरतो आणि त्याला बाहेर खेचून आणतो. हा आकडा नखाएवढा. पण तो मोडला की रायफल एका गोळीची झाली. आकडा बसतो एका खाचेत, आणि त्याला धरून ठेवतो एक आडवा स्क्रू. सुभेदारांच्या बोल्टमध्ये आकड्याचं टोक गेलं होतं आणि उरलेला तुकडा वाकडा होऊन खाचेत असा रुतला होता की हलायचं नाव नाही. नवा बसवायचा तर जुना निघाला पाहिजे, जुना काढायचा तर स्क्रू निघाला पाहिजे.

आणि बोल्ट खराब झाला तर? तर गेली रायफल. ती बनावट कधीच बंद झालीय. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट उचलून हिला लावता येत नाही. एक तर बसत नाही, आणि बसला तरी कायद्यात बसत नाही. सुभेदारांना हे माहीत होतं. ते स्टुलावर बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "वडील गेल्यावर परवाना माझ्या नावावर करायला लई फिरावं लागलं. आता ही निकामी झाली तर जमाच करावी लागंल. तेवढं बघा."

मी भिंगातून बघितलं. स्क्रूचं डोकं दिसत होतं, त्यावर पेचकसासाठी चीर होती, झिजलेली पण स्पष्ट. गंजलेला स्क्रू, दुसरं काय! असे किती काढले असतील मी. मी म्हटलं, "बसा, आत्ता काढतो."

पुंडलिक माझ्या खांद्यावरून बघत होता. तो म्हणाला, "रफीकभाऊ, थांबा ना जी थोडं. अब्बाजीले इचारून येऊ का?"

झालं! माझ्या टाळक्यात तिडीक गेली. गिऱ्हाइकासमोर, आणि तेही अब्बांच्या जुन्या गिऱ्हाइकासमोर, हा म्हणणार की तुमच्या बापाला विचारून येतो! मी म्हटलं, "माझ्या बापाकडे जायला मला तुझा वशिला नको. तू तुझं काम कर."

तो हलला नाही. तिथंच उभा राहिला.

मी रॉकेल सोडलं, मुरू दिलं. बोल्टचं तोंड व्हाइसच्या जबड्यात धरलं, चामडं लावून. पेचकस घासून चिरीत नेमका बसेल असा केला. दाबला, फिरवला. नाही. जरा शेक दिला, पुन्हा रॉकेल, पुन्हा फिरवला. चिरीची एक कड टचकन उडाली. सुभेदार स्टुलावरून अर्धे उठले.

"काय झालं वो?"

"काही नाही. जुनं आहे, होतं असं."

आता चिरीचा उपयोग संपला. अशा वेळी आम्ही उलट्या आट्यांचं ड्रिल वापरतो. ते डावीकडे फिरतं. चावता चावता अडकलं की अडकलेल्या स्क्रूला स्वतःबरोबर उलटं फिरवून बाहेर आणतं. भारी युक्ती आहे, आणि मला ती चांगली येते. मी बारीक ड्रिल लावलं. पण ते चावेना. स्क्रू इतका टणक का असावा, हे मला कळेना. स्क्रू असा टणक नसतो. मी थोडा जोर दिला. जरासाच. आणि ड्रिलचं टोक आत मोडलं.

आमच्या धंद्यात याच्याहून वाईट शब्द नाही. मोडलेल्या स्क्रूत मोडलेलं ड्रिल. आता त्यावर काही चालत नाही, कारण ड्रिलच्या पोलादापेक्षा टणक आमच्याकडे काही नाही. सुभेदारांना हे कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून वाचलं. टोपी काढून मांडीवर ठेवली. बाहेर तांबटांची ठोकठोक चालली होती.

मी बोल्ट व्हाइसमधून काढला आणि पुंडलिकपुढे केला. "घे."

एवढा एकच शब्द बोललो. पण तो शब्द काढताना मला जे झालं ते अजून आठवतं.

पुंडलिकनं बोल्ट घेतला आणि पहिली गोष्ट काय केली, तर तो उलटा केला. स्क्रूच्या डोक्याकडे बघितलंच नाही. पलीकडची बाजू चिंधीनं पुसली, उजेडात तिरकी धरली, अंगठा फिरवला, पुन्हा उजेडात धरली. मला तिथं काही दिसत नव्हतं. सपाट पोलाद. मग त्यानं रॉकेलचा एक थेंब तिथं सोडला आणि पुसला. ओल सुकता सुकता, मी भिंगातून बघत होतो म्हणून दिसलं, केसाएवढी बारीक गोल रेघ उमटली. गोलाची रेघ, डोक्याकडच्या गोलापेक्षा जरा मोठी.

"हा स्क्रू नाही जी," पुंडलिक म्हणाला. "पिन आहे. इकडून जाड, तिकडून बारीक. इकडून ठोकलेली."

"आणि ती चीर?"

"खोटी आहे. करवतीनं पाडलेली."

त्यानं बोल्ट फिरवून ठेवला, पिन ठोकून काढायचा बारीक पंच मोडलेल्या ड्रिलच्या डोक्यावर टेकवला आणि पितळी हातोडीनं टिचकी मारावी तसं मारलं. एकदा, दोनदा. मग बोट लावून बघितलं आणि आणखी एकदा. पिन पलीकडून अलगद बाहेर आली, माझ्या मोडलेल्या ड्रिलसकट. आकड्याचा तुकडा चिमट्यानं उचलला तर तोही आला. बोल्टला ओरखडा नाही.

सुभेदार उभे राहिले. "हात हाय!" ते म्हणाले. "आवो, काय हात हाय ह्यो!" आणि पुंडलिकचा हात दोन्ही हातांत धरून हलवायला लागले. मी व्हाइसमधलं चामडं काढून घडी घालत बसलो.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"अब्बाजीनं सांगतलं होतं." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "पहिले स्क्रू भेटत नव्हते म्हणे. मंग ते कानशीच्या पोलादाची पिन करत, उलट्या बाजूनं ठोकत, अन् बारीक टोकावर खोटी चीर पाडत. गिऱ्हाइकाले वाटे, असलीच स्क्रू आहे. अन् दुसऱ्या मिस्त्रीनं हात लावला, तर तो पेचकसच फिरवत बसे." एवढं बोलून त्याच्या लक्षात आलं की पेचकस कोण फिरवत बसलं होतं. "तुम्हाले माहीतच असंल म्हणून बोललो नाही जी," तो घाईनं म्हणाला.

मला माहीत नव्हतं. माझ्या बापानं दुसऱ्या मिस्त्र्यांसाठी लावलेल्या सापळ्यात त्याचा स्वतःचा मुलगा पाय घालून बसला होता, आणि सापळ्याची किल्ली यवतमाळच्या माणसाकडे होती. सुभेदारांना संध्याकाळी या म्हटलं. ते गेल्यावर मी पुंडलिकला म्हणालो, "आज तू दुकानात थांब. परवान्याचं कुणी विचारलं तर सांग, येतो म्हणून. मी जातो जेवायला."

अब्बा खाटेवर बसले होते. पावलं ऐकून म्हणाले, "पुंडलिक?"

"रफीक," मी म्हटलं.

घरात आमची बोली वेगळी, पण कामाचं काही असलं की अब्बा मराठीतच बोलत. म्हणत, या हत्यारांना दुसरी भाषा कळत नाही. मी शमीमनं वाढलेलं ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि माझंही घेऊन बसलो. मी पिन त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी बोटांत फिरवली, जाड टोक, बारीक टोक, चीर, उडालेली कड, आणि मग अडकलेलं ड्रिल त्यांच्या बोटाला लागलं. ते हसले. इतके हसले की खोकला आला.

"कुणी मोडलं?"

"मी."

"आणि काढली कुणी?"

"पुंडलिकनं." मग मला राहवलं नाही. "अब्बा, ही गोष्ट त्याला सांगितलीत. मला का नाही सांगितली? माझ्या आयुष्यात तुम्ही मला एक गोष्ट आपण होऊन सांगितली नाहीत. मी बघून बघून शिकलो. तो आला काल, त्याला बसवून शिकवता. छान झालं बेटा, छान झालं बेटा! माझं काय वाईट होतं?"

साठी ओलांडलेला माणूस मी, नातवंडं असलेला, आणि आवाज शाळकरी पोरासारखा निघाला. बाहेरच्या खोलीत शमीमच्या हातातली भांडी थांबली.

अब्बांनी पिन खाटेवर ठेवली. मग म्हणाले, "तुला आठवतं, पहिल्यांदा तू एक आकडा घासून केलास? मी तुला म्हटलं, ठेव तिकडे."

"तुम्ही नेहमीच तसं म्हणायचात."

"तू घरी गेलास, की मी तो भिंगाखाली घ्यायचो. तुझं सगळंच काम घ्यायचो. एक ओरखडा सापडावा, एक बाजू तरी तिरकी निघावी, म्हणून बघायचो." त्यांनी नसलेल्या नजरेनं भिंतीकडे बघितलं. "सापडायचा नाही. मला एवढं वय घालवून जे आलं, ते तुला आलंच होतं. मला बघवायचं नाही, रफीक. लोक म्हणायला लागले असते, मुलगा बापापेक्षा सरस आहे. म्हणून ठरवलं, याला आणखी काही द्यायचं नाही. थोडं माझ्याकडे राहू दे."

"आणि पुंडलिकला?"

"त्याला सांगितलं तर माझं काय जातंय?" ते अगदी साधेपणानं म्हणाले. "चांगला हात आहे, प्रामाणिक आहे. पण त्याच्या कामाला भिंग लावावं असं मला कधी वाटलं नाही."

मग त्यांनी ताट पुढे ओढलं आणि विचारलं, "त्यानं चटणी पाठवलीय का आज?"

मी दुकानात परत आलो तो तरंगतच. बापाला माझा हेवा वाटत होता! मला राग यायला हवा होता. इतकी वर्षं मला कोरडं ठेवलं या माणसानं, मुद्दाम, ठरवून. राग आलाही, पण नंतर, पुढे, अब्बा गेल्यावर आला आणि तो अजून अधूनमधून येतो. त्या दुपारी मात्र मला वाटत होतं की तांबट आळीत उभं राहून ओरडून सांगावं.

मी पोलादाची पट्टी घेतली आणि सुभेदारांसाठी नवा आकडा घासायला बसलो. असा आकडा बाजारात मिळत नाही. तो नुसत्या कानशीनं काढायचा, टोक काडतुसाच्या कडेला बसेल इतकंच वळवायचं, मग टणक व्हायला तापवून पाणी द्यायचं. हात इतका सुरेख चालला होता त्या दिवशी! आकडा खाचेत बसवला, नवी पिन मारली. हो, पिनच मारली, आणि खोटी चीरही पाडली. डमी काडतूस घालून बोल्ट ओढला तर काडतूस टुणकन बाहेर येऊन गल्ल्यावर आपटलं.

पुंडलिक शेजारी बसून एक ट्रिगर साफ करत होता. "मस्त," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "काय म्हणत होते अब्बाजी? लई खुश दिसता."

मी सांगायला नको होतं, असं शमीम म्हणते. मी सगळं सांगितलं. भिंग, ओरखडे, बघवायचं नाही, सगळं. तो ऐकत होता, मान हलवत होता, हसतही होता. आधी म्हणाला, "पाहा बरं, मी सांगत नव्हतो, तुमचा हात हलका आहे म्हणून?" मग त्याच्या हातातली चिंधी थांबली.

"अन् माह्याबद्दल?"

"चांगला हात आहे म्हणाले. प्रामाणिक आहे म्हणाले."

"ते नाही जी. माह्या कामाले भिंग लावत का ते?"

मी उत्तर द्यायला जरा उशीर केला. तेवढ्यात त्याला कळलं.

"कधीच नाही?" तो म्हणाला. "म्हणजे छान झालं, छान झालं, ते न पाहताच? नजर होती तवाबी?"

"अरे, असं काही नाही..."

"माह्यावर एकदाबी जळले नाही?"

तो पाठ फिरवून ट्रिगरवर वाकला. चहा आला, त्याचा तसाच निवला. ट्रिगर परत जोडून बाजूला ठेवला. मग उठला, माझ्या गळ्यातलं भिंग न विचारता काढून घेतलं, सुभेदारांचा बोल्ट उचलला, दारातल्या उजेडात जाऊन उभा राहिला आणि माझा आकडा डोळ्याशी धरला. एक बाजू बघितली. दुसरी बघितली. बोल्ट फिरवून परत पहिली बघितली.

सुभेदार येऊन पायरीवर उभे होते, पण त्यानं त्यांना वाट दिली नाही. मी गल्ल्यामागे पाय पसरून बसलो. बघ म्हटलं बाबा, चांगला वेळ घेऊन बघ.